खांबाची धाकटी बहीण

रात्रीची वेळ. दोन खाटांच्या खोलीत एका क्षयरोग्याचा नुकताच कुठे डोळा लागलाय आणि दुसऱ्याला हात धुवायचे आहेत. तो नळ सोडतो, बेसिनवर पाण्याची धार आपटते आणि शेजाऱ्याची झोप मोडते.

फिनलंडमधल्या पायमियो इथल्या क्षयरोग रुग्णालयाचा आराखडा करताना आल्वार आल्तो या एवढ्याशा आवाजापाशी थांबले. १९२९ मध्ये त्यांनी या कामाची स्पर्धा जिंकली होती आणि १९३३ मध्ये इमारत पूर्ण झाली. पत्नी आयनो, त्याही आर्किटेक्ट, या कामात त्यांच्या सोबत होत्या. बाजारात मिळणारं बेसिन बसवून त्यांना मोकळं होता आलं असतं. त्यांनी या खोल्यांसाठी नवं बेसिन घडवलं. त्याचा उतार असा की पाण्याची धार त्यावर सरळ आपटत नाही, तिरकी टेकते आणि घसरत खाली जाते.

पाण्याला आवाज कशाचा असतो? आपल्याला वाटतं, पाणी आदळल्याचा. प्रत्यक्षात खळखळाटाचा मोठा भाग पाण्यात अडकलेल्या हवेच्या बुडबुड्यांमधून येतो. धार आदळली की थोडी हवा पाण्यात कोंडली जाते. तो बुडबुडा एखाद्या स्प्रिंगसारखा आकुंचन-प्रसरण पावत राहतो आणि घंटीसारखा वाजतो. हे गणित मार्सेल मिन्नार्ट या शास्त्रज्ञाने मांडलं ते १९३३ मध्येच, म्हणजे पायमियोची इमारत पूर्ण झाली त्याच वर्षी. एक मिलिमीटर त्रिज्येचा बुडबुडा सेकंदाला साधारण ३,३०० वेळा कंप पावतो. माणसाचा कान सर्वांत तिखट असतो तो याच पट्ट्यात. म्हणून नळाची बारीकशी धारही रात्री इतकी टोचते. धार तिरकी पडली की आदळणं कमी, हवा कोंडणं कमी आणि वाजणारे बुडबुडेही कमी.

इमारत बांधणाऱ्या माणसाने बेसिनच्या उतारात का लक्ष घालावं, हा प्रश्न मला अनेक वर्षं पडत असे. आता वाटतं, प्रश्नच उलटा आहे. इमारत आपल्याला कुठे भेटते? भिंती, छत, खांब यांना आपण फारसा हात लावत नाही. हात लागतो तो दाराच्या मुठीला, नळाला, कठड्याला. पाठ टेकते खुर्चीला. शरीर आणि इमारत यांची गाठ पडते ती या वस्तूंमध्येच. ज्या आर्किटेक्टला हे उमगतं, तो खुर्ची करायला घेतो तेव्हा त्याने विषय बदललेला नसतो. आराखड्याचं प्रमाण तेवढं बदललेलं असतं.

पायमियोत हे पावलोपावली दिसतं. एरवी खोलीची कल्पना उभ्या माणसाच्या डोळ्यांनी केली जाते. इथला माणूस महिनोन् महिने आडवा पडून असणार होता. स्ट्रेप्टोमायसिन या क्षयावरच्या औषधाचा शोध लागला १९४३ मध्ये. तोपर्यंत क्षयावर मुख्य उपाय म्हणजे विश्रांती, ऊन आणि मोकळी हवा. आडव्या माणसाची समोरची भिंत म्हणजे छत. म्हणून छताला डोळ्यांना शांतवणारा गडद हिरवा रंग दिला, आणि दिवा असा बसवला की पडल्या पडल्या तो डोळ्यांत जाऊ नये. डॉक्टरांच्या कोटाची बाही अडकणार नाही असा दाराच्या मुठीला बाक दिला.

मग खुर्ची आली. त्या काळात आधुनिक खुर्ची म्हणजे वाकवलेल्या पोलादी नळीची. मार्सेल ब्रॉयर या आर्किटेक्टना सायकलच्या हँडलवरून ती कल्पना सुचली होती आणि १९२५ मध्ये त्यांनी तशी खुर्ची केली होती. हलकी, मजबूत, धुवायला सोपी. रुग्णालयाला याहून काय हवं? पण आल्तोंना पोलादाचा स्पर्श गार वाटला आणि आजारी माणसासाठी ते त्यांना पटेना.

हे तुम्ही बसल्या जागी करून पाहू शकता. एक हात टेबलाच्या लाकडावर ठेवा आणि दुसरा एखाद्या धातूच्या पायावर. दोन्ही वस्तू रात्रभर त्याच खोलीत होत्या, म्हणजे दोघांचं तापमान एकच. तरी धातू गार लागतो. आपली त्वचा वस्तूचं तापमान मोजत नाही, आपल्यातून किती वेगाने उष्णता निघून जातेय ते मोजते. तो वेग तीन गोष्टींवर ठरतो: पदार्थ उष्णता किती सहज वाहून नेतो, तो किती घन आहे, आणि तापायला त्याला किती उष्णता लागते. पोलाद उष्णता लाकडाच्या काहीशे पट सहज वाहून नेतं, शिवाय जडही आहे. खोली २० अंशांवर आणि त्वचा ३३ अंशांवर धरली, तर हात टेकल्या क्षणी लाकडाशी त्वचेचा पृष्ठभाग साधारण ३० अंशांवर स्थिरावतो आणि पोलादाशी साधारण २१ वर. नऊ अंशांचा हा फरक कोणत्याही थर्मामीटरवर दिसणार नाही, कारण तो वस्तूत नाहीच. तो आपण स्पर्श करतो तेव्हाच जन्माला येतो.

लाकडाचा निर्णय सोपा होता. लाकूड पोलादी नळीसारखं वळवायचं कसं, हे अवघड होतं.

एक जाड वही घ्या आणि वाकवा. कडेकडे बघा: पानं एकमेकांवरून सरकून तिरकी पायरी तयार झालेली दिसेल. आता वही सरळ करून दोन्ही कडांना घट्ट चाप लावा आणि पुन्हा वाकवायचा प्रयत्न करा. ती अडून बसते. पानं तीच, कागद तोच, फक्त सरकण्याची वाट बंद झाली.

लाकडाच्या जाड तुकड्यात ती वाट मुळातच बंद असते. वाकवला की बाहेरची बाजू ताणली जाते, आतली दाबली जाते, आणि कोरडं लाकूड शेकडा एखाद्या भागाहून जास्त ताण सोसत नाही. ते तडकतं. आल्तोंनी काढलेली युक्ती मला आजही थक्क करते. बर्च झाडाच्या लाकडाच्या सरळ दांडीचं एक टोक त्यांनी रेषांच्या दिशेने करवतून पंख्यासारखं चिरलं. चिरांमध्ये गोंद लावून लाकडाचे पातळ पापुद्रे सरकवले आणि मग ते टोक काटकोनात वळवलं. वळताना पातळ पानं वहीसारखी सुखाने एकमेकांवरून सरकतात. गोंद वाळला की सरकणं थांबतं आणि तो वळलेला भाग पुन्हा एकसंध लाकूड होतो.

फरक किती पडतो? वाकण्याला होणारा विरोध जाडीच्या घनाप्रमाणे वाढतो. दहा सुटी पानं मिळून एका पानाच्या दहा पट विरोध करतात. तीच दहा चिकटली की जाडी दसपट आणि विरोध हजारपट. म्हणजे नुसत्या गोंदाने तोच गठ्ठा शंभर पट ताठ झाला. मोठ्या सभागृहांवर दिसणाऱ्या लाकडी कमानी, फळ्या एकावर एक चिकटवून केलेल्या, याच गणितावर उभ्या असतात.

हा वळलेला पाय खालून थेट बैठकीला स्क्रूने जोडता येतो, मध्ये चौकट लागत नाही. १९३३ मधलं त्यांचं तीन पायांचं गोल स्टूल असंच आहे. फर्निचरच्या पायाला आल्तो वास्तूतल्या खांबाची धाकटी बहीण म्हणत. हे फक्त गोड बोलणं नाही. दोघांचं काम एकच, वरचं ओझं जमिनीपर्यंत पोचवणं. दोघांचं सगळं अडतं तेही एकाच जागी: उभा भाग आडव्याला भेटतो तिथे.

पण बहिणी झाल्या तरी त्यांचे स्वभाव वेगळे, आणि ते न ओळखल्यामुळे कितीतरी आर्किटेक्टच्या खुर्च्या बघायला देखण्या आणि बसायला नकोशा झाल्या आहेत. गॅलिलिओने १६३८ मध्येच सांगून ठेवलंय की एखादी वस्तू सगळ्या बाजूंनी दसपट केली तर तिचं वजन हजारपट होतं, पण पायाचा छेद फक्त शंभरपट. म्हणजे प्रत्येक चौरस सेंटिमीटरवरचा भार दसपट. मोठ्या काँक्रीटच्या इमारतीचं बहुतेक बळ म्हणूनच स्वतःलाच पेलण्यात जातं. आत राहणारी माणसं तिच्या हिशेबात किरकोळ असतात. खुर्चीचं उलट. ती स्वतः पाच किलोची आणि पेलते ऐंशी किलोचा माणूस. तोही गप्प बसणारा नाही. तो धपकन बसतो, पाय हलवतो, मागे रेलून पुढचे दोन पाय उचलतो. भार असा हजारो वेळा येतो आणि जातो, म्हणून खुर्ची बहुधा एका दणक्याने मोडत नाही, सांध्यांतून हळूहळू सैल होत जाते. इमारतीचा सराव असलेल्या मनाला हे हलणारं ओझं सहज निसटतं.

दुसरा फरक मला याहून मोठा वाटतो. इमारतीला रंगीत तालीम नसते. ती एकाच जागी, एकदाच उभी राहते आणि तिच्या चुका तिच्यापुरत्या राहतात. खुर्ची मात्र दहा वेळा करून, मोडून, पुन्हा करता येते. ती मुभा आहे, पण एकदा साचा पक्का झाला की त्यातली चूक हजारो घरांत जाते.

या दोन्ही गोष्टी एकाच वेळी जिच्या वाट्याला आल्या अशी एक खोली आहे. १९२६ मध्ये फ्रँकफर्टच्या नव्या वसाहतींसाठी मार्गारेटे श्युटे-लिहोत्स्की या आर्किटेक्टने स्वयंपाकघर आखलं. साधारण १.९ मीटर रुंद आणि ३.४ मीटर लांब. खोली म्हणून ती इमारतीचा भाग, पण तिच्या जवळपास १० हजार प्रती बनल्या, म्हणजे ती एक वस्तूही. नमुना होता रेल्वेच्या डायनिंग कारमधल्या चिंचोळ्या मुदपाकखान्याचा. काम करताना किती पावलं पडतात, किती वेळ जातो, याचा हिशेब मांडून ओटा, शेगडी आणि मोरी यांच्या जागा ठरल्या. अॅल्युमिनियमचे छोटे खण असे की मुठीला धरून ओढावेत आणि चोचीतून थेट ओतावं. पिठाचे खण मात्र ओकच्या लाकडाचे, कारण त्यातल्या टॅनिन या तुरट द्रव्यामुळे अळ्या दूर राहतात. एका खणाच्या लाकडापर्यंत केलेला हा विचार वाचताना मला त्यांच्याबद्दल फार आदर वाटतो.

आणि चूक? ती खोली एकाच माणसाच्या मापाची होती. दुसरं कुणी मदतीला आलं तर उभं राहायला जागा नाही. पावलं वाचवण्याच्या हिशेबात काम वाटून घेण्याची शक्यताच बाहेर राहिली, आणि साचा एकच असल्यामुळे ती दहा हजार घरांत बाहेर राहिली. स्वयंपाक एकट्या बाईनेच करायचा, हे गृहीतक त्या १.९ मीटरमध्ये बसलेलं होतं. मोजमाप बिनचूक होतं. कुणाचं मोजायचं, हे आधीच ठरून गेलेलं होतं.

आर्किटेक्ट एरो सारिनेन यांच्या वडिलांची, एलिएल यांची, शिकवण होती की कोणतीही वस्तू आखताना तिच्याहून एक पायरी मोठ्या गोष्टीत ती ठेवून बघावी: खुर्ची खोलीत, खोली घरात, घर परिसरात, परिसर शहरात. वडीलही आर्किटेक्टच. मुलाने ही शिकवण मनावर घेतली. आपली खुर्ची खोलीत ठेवून बघितल्यावर त्यांना खुर्ची दिसेना, पाय दिसले. प्रत्येक टेबलाखाली खुर्च्यांच्या पायांची गिचमिड. म्हणून १९५०च्या दशकात त्यांनी ट्युलिप खुर्ची केली. एकच देठ, खाली पसरट गोल बूड आणि वर पाकळीसारखी बैठक. ही खुर्ची एकाच पदार्थाची, एकाच तुकड्याची असावी, अशी त्यांची जिद्द होती. फुलाला कुठे सांधा असतो?

पदार्थाने ऐकलं नाही. चार पाय असले की माणूस एका बाजूला झुकला तरी तिकडच्या पायांवर जास्त दाब येतो, पलीकडच्यांवर कमी, आणि काम भागतं. देठ एकच असला की झुकण्याचा सगळा पीळ त्यालाच सोसावा लागतो. ऐंशी किलोचा माणूस मध्यापासून २० सेंटिमीटर सरकून बसला, तर देठाला वाकवणारा जोर होतो सुमारे १६० न्यूटन-मीटर. वीसेक सेंटिमीटर लांब पान्याच्या टोकाला ऐंशी किलोचं वजन टांगावं तसा. बैठकीच्या कवचाला फायबरग्लास पुरलं, कारण कवच वाकलेलं असतं आणि वाकलेपणातूनच त्याला बळ मिळतं. निमुळत्या देठाला ते पुरेना. जाड केला तर फूल संपलं. शेवटी देठ आणि बूड अॅल्युमिनियमचं ओतलं आणि कवचाशी जुळावं म्हणून त्यावर पांढरा लेप चढवला.

सारिनेन १९६१ मध्ये वारले. सबंध खुर्ची एकाच पदार्थातून करण्याचा दिवस त्यांना बघायला मिळाला नाही. आजही ती खुर्ची दुरून बघितली तर बैठकीपासून जमिनीपर्यंत एकच पांढरी रेषा वाहत गेल्यासारखी दिसते, कवच कुठे संपलं आणि धातू कुठे सुरू झाला ते नजरेला कळत नाही. तळवा मात्र बैठकीवरून हळूहळू खाली नेला आणि देठावर क्षणभर ठेवला, तर त्या पातळ लेपाच्या आडून गारवा वर येतो.