नारळीकर, जयंत विष्णु

(१९ जुलै १९३८ – २० मे २०२५). खगोलशास्त्रज्ञ आणि मराठीतील अग्रगण्य विज्ञानकथाकार. जन्म कोल्हापूर येथे. वडील विष्णु वासुदेव हे काशी हिंदू विश्वविद्यालयात गणिताचे प्राध्यापक. आई सुमती संस्कृतच्या विदुषी. वाराणसीतील शिक्षणानंतर केंब्रिजला ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉइल यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी संशोधन केले. १९७२ मध्ये ते मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले आणि पुढे पुण्यातील ‘आयुका’ या खगोलशास्त्रीय संशोधन संस्थेचे संस्थापक संचालक झाले.

मराठी विज्ञानकथेचा आरंभ नेमका कुठून मानावा, याविषयी मतभेद आहेत. काही अभ्यासक विसाव्या शतकाच्या आरंभी झालेल्या ज्यूल व्हर्नच्या भाषांतरांपासून तो धरतात, तर काही श्री. बा. रानडे यांच्या ‘तारेचे हास्य’ या साधारणतः त्याच शतकाच्या दुसऱ्या दशकातील कथेला पहिली स्वतंत्र विज्ञानकथा मानतात. हे दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. नारळीकरांना आद्यत्व देता येत नाही. मात्र या प्रकाराला वाङ्मयीन प्रतिष्ठा मिळाली ती प्रामुख्याने त्यांच्यामुळे.

मराठी विज्ञान परिषदेच्या १९७४ च्या स्पर्धेला त्यांनी ‘कृष्णविवर’ ही कथा ‘नारायण विनायक जगताप’ या टोपणनावाने पाठवली. स्वतःच्या नावाची आद्याक्षरे उलट क्रमाने घेऊन हे नाव सिद्ध केले होते; हस्ताक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथा पत्नी मंगला यांनी लिहून काढली. तिला पहिले पारितोषिक मिळाले. १९७५ च्या कराड साहित्य संमेलनात अध्यक्षा दुर्गा भागवत यांनी त्यांच्या विज्ञानकथालेखनाची दखल घेतली.

एकच वैज्ञानिक गृहीतक बदलायचे आणि बाकीचे जग वाचकाच्या ओळखीचे ठेवायचे, ही त्यांची रीत. ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या कथेत अपघातानंतर इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत ज्या जगात पोहोचतात, तिथे पानिपतावर गोळी विश्वासरावांच्या कानाजवळून निघून गेलेली असते आणि मराठे जिंकलेले असतात. परतल्यावर पंतांच्या खिशात उरते ते त्या जगातल्या बखरीचे एक फाटके पान. पुराव्याचा हा इवलासा तुकडाच कथेला अद्भुतिकेपासून वेगळे करतो. ‘उजव्या सोंडेचा गणपती’मध्ये डाव्या-उजव्याची अदलाबदल क्रिकेट आणि घरातल्या गणेशमूर्तीतून उलगडते.

‘यक्षांची देणगी’ हा कथासंग्रह आणि ‘प्रेषित’, ‘वामन परत न आला’, ‘व्हायरस’ या कादंबऱ्या विशेष वाचल्या गेल्या. कादंबऱ्यांतील पात्रचित्रण कथांच्या तुलनेत सपाट आहे. ‘चार नगरांतले माझे विश्व’ या आत्मचरित्रास २०१४ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. २०२१ च्या नाशिक येथील अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. पुणे येथे त्यांचे निधन झाले.