चेवापीच्या ताटातील उष्मांकांचा हिशेब

बोस्नियाची राजधानी असलेल्या सारायेवोच्या बाश्चार्शिया या जुन्या बाजारात चेवापी मागवल्या की निखाऱ्यांवर भाजलेले, बोटाएवढे खिम्याचे पाच किंवा दहा तुकडे सोमुन नावाच्या मऊ पावात घालून दिले जातात. सोबत बारीक चिरलेला कच्चा कांदा असतो आणि मागितल्यास कायमाकही मिळतो. तापवलेल्या दुधावरची साय थर देऊन साठवायची, तिला मीठ लावायचे, की कायमाक तयार होतो. या ताटातील उष्मांकांचा अंदाज बांधताना बहुतेकांचे सारे लक्ष मांसाकडे जाते आणि हिशेब तिथेच चुकू लागतो, असे मला वाटते.

प्रथिने व कर्बोदके यांच्या दर ग्रॅममागे सुमारे ४ आणि स्निग्ध पदार्थांच्या दर ग्रॅममागे ९ किलोकॅलरी धरण्याची रीत अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ विल्बर अ‍ॅटवॉटर यांच्या एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या संशोधनातून रूढ झाली. या रीतीने २० टक्के चरबीच्या १०० ग्रॅम कच्च्या गोमांस खिम्यात सुमारे २५० किलोकॅलरी भरतात. तोच खिमा भाजल्यावर १०० ग्रॅममागे आकडा २७० च्या आसपास दिसतो आणि भाजल्याने उष्मांक वाढले, असा समज होतो. प्रत्यक्षात पाणी आणि चरबी गळून १०० ग्रॅमचे साधारण ७० ग्रॅम उरतात व त्यांत १९० किलोकॅलरीच असतात. म्हणजे सुमारे ७ ग्रॅम चरबी निखाऱ्यांत गेलेली असते. म्हणून वजन कच्चे की भाजलेले, हे ठरवल्याशिवाय उष्मांकांच्या कोष्टकातला आकडा लावूच नये. काही ठिकाणी खिम्यात खाण्याचा सोडा मिसळतात. त्याने मांस पाणी धरून ठेवते आणि तुकड्याचे वजन वाढते, मात्र उष्मांक तेवढेच राहतात.

गळलेली चरबी सगळीच वाया जाते, असेही नाही. सोमुन अनेकदा मांसाच्या रश्श्यात बुडवून किंवा भाजत्या तुकड्यांवर ठेवून गरम करतात आणि तो पाव ती चरबी थोडीफार शोषून घेतो.

दहा तुकडे भाजल्यावर १५० ग्रॅम भरले, असे धरले तर मांसाचे सुमारे ४०० किलोकॅलरी होतात. सोमुनही १५० ग्रॅमचा असेल, तर साध्या गव्हाच्या पावाच्या हिशेबाने त्याचे जवळपास ३९० होतात, म्हणजे मांसाइतकेच! कायमाकात साठ टक्क्यांच्या आसपास चरबी असू शकते. तसा ५० ग्रॅमचा गोळा २८० ते ३०० किलोकॅलरींची भर घालतो. एकूण आकडा १,१०० च्या घरात जातो आणि त्यातला निम्म्याहून अधिक भाग मांसाबाहेरचा असतो. कांद्याचे पंधरा-वीस किलोकॅलरी सोडून दिले तरी चालतात. भाजलेल्या लाल मिरच्यांच्या आयवार या चटणीत मात्र तेल किती आहे, ते पाहावे, कारण मोठा चमचाभर तेलात सुमारे १२० किलोकॅलरी असतात.

दक्षिण सर्बियातील लेस्कोवात्स हे शहर प्लेस्काव्हित्सा या खिम्याच्या चपट्या, गोल टिक्कीसाठी नावाजलेले आहे. तिच्या काही प्रकारांत काच्कावाल चीज भरतात किंवा मिसळतात. ४० ग्रॅम चीजमागे साधारण १५० किलोकॅलरी वेगळे धरावे लागतात, आणि चीज मांसाच्या आत असल्याने नुसत्या वजनावरून ते ओळखता येत नाही, विक्रेत्यालाच विचारावे लागते.