लायसोसोम आणि पेरॉक्सिझोम: दिसायला जुळे, पत्ते वेगळे

शाळेच्या पुस्तकात पेशीतली लयकारिका, म्हणजे लायसोसोम, भेटते ती ‘आत्मघाती पिशवी’ म्हणून. एका मार्काला तेवढं पुरतं. पुढे कधीतरी पेरॉक्सिझोम येतो आणि गोंधळ उडतो. दोन्ही बारीक, गोलसर. दोन्हींभोवती एकेरी पटल, म्हणजे पातळ आवरण. दोन्हींच्या पोटात एन्झाइम, म्हणजे रासायनिक क्रिया घडवणारी प्रथिनं. आणि दोघांचंही काम विचारलं तर उत्तर एकच, ‘नको ते मोडतात’.

हा गोंधळ फक्त विद्यार्थ्यांचा नाही. दोन्ही एकाच माणसाच्या परीक्षानळीत एकत्र सापडले होते. बेल्जियममधल्या लूवाँ इथे ख्रिस्तियान द द्यूव १९४९मध्ये उंदराच्या यकृतातल्या एन्झाइमांची मोजणी करत होते. एका एन्झाइमचं काम अपेक्षेच्या जेमतेम दहाव्या हिश्शाइतकं भरलं. नमुना फ्रिजमध्ये राहिला, पाच दिवसांनी पुन्हा मोजला तर काम वाढलेलं! एन्झाइम कुठल्यातरी पिशवीत कोंडलेलं होतं आणि पिशव्या फुटल्या होत्या. १९५५मध्ये तिला लायसोसोम हे नाव मिळालं. पण यकृत वाटून यंत्रात गरगर फिरवलं की त्याच थरात आणखीही काही एन्झाइम येत, ती या पिशवीतली वाटत नव्हती. शेवटी युक्ती केली ती अशी: उंदराला न पचणारं एक साबणासारखं द्रव्य टोचलं. पेशीने बाहेरून गिळलेलं सगळं लायसोसोममध्ये जातं, तसं तेही तिथे जाऊन साठलं. लायसोसोम हलके होऊन वर आले, ती दुसरी एन्झाइम बाळगणारे पेरॉक्सिझोम होते तिथेच राहिले.

खरं तर फरक या प्रयोगातच उघडा पडतो. लायसोसोम गिळलेलं आणि पेशीतलंच जुनं झालेलं सामान पाण्याच्या साहाय्याने तोडतो. त्यासाठी आत आम्ल लागतं, पीएच ५च्या आसपास, आणि ते टिकवायला पटलातले पंप सतत ऊर्जा खर्च करतात. त्याची एन्झाइम अशा आंबट वातावरणातच नीट चालतात. पेशीद्रवाचा पीएच सातच्या थोडा वर, त्यामुळे एखादी पिशवी फुटली तरी पेशी लगेच विरघळत नाही. ‘आत्मघाती’ हे विशेषण मला म्हणूनच जरा नाटकी वाटतं.

पेरॉक्सिझोमला आम्ल नको, ऑक्सिजन हवा. फार लांब साखळीची मेदाम्लं तो कापायला घेतो. त्यात हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतं आणि तिथलंच कॅटालेज हे एन्झाइम ते पाणी व ऑक्सिजनमध्ये फोडतं. केमिस्टकडचं हायड्रोजन पेरॉक्साइड कापलेल्या बटाट्यावर टाका, फेस येतो तो याच कॅटालेजचा.

पण माझ्या मते खरी गंमत एन्झाइम तिथवर पोचतात कशी, यात आहे. लायसोसोमचं एन्झाइम आंतर्द्रव्यजालिका या पेशीतल्या नळ्यांच्या जाळ्यावरच्या रायबोझोमवर, म्हणजे प्रथिनं बनवणाऱ्या कणावर, बनतं, जाळ्याच्या आत शिरतं, त्याला शर्करेची साखळी लागते. पुढे गॉल्जी संकुल या पेशीतल्या छाननी केंद्रात त्या साखळीतल्या मॅनोज या शर्करेवर फॉस्फेटचा शिक्का बसतो. शिक्का ओळखणारा ग्राही, म्हणजे पटलातलं एक प्रथिन, त्याला पकडून पुटिकेत, म्हणजे छोट्या पिशवीत, बसवतो, आणि वाटेत आम्लता वाढली की सोडून देतो. पेरॉक्सिझोमच्या एन्झाइमला ही सगळी यात्रा नाही. ते पेशीद्रवातल्या सुट्या रायबोझोमवर बनतं. बहुतेकांच्या शेपटाला सेरीन, लायसीन, ल्युसीन किंवा त्यांच्याशी मिळतीजुळती तीन अमिनो आम्लं, म्हणजे प्रथिनाचे मणी, असतात, पत्त्याच्या शेवटी पिनकोड असावा तशी. शिक्का नंतर मारावा लागतो; पिनकोड प्रथिनातच लिहिलेला असतो. आणखी नवल म्हणजे हे प्रथिन घडी घातलेल्या अवस्थेतच आत जाऊ शकतं. तंतुकणिकेत, म्हणजे मायटोकाँड्रियात, शिरायचं तर आधी घडी उलगडावी लागते.

शिक्का चुकला तर काय होतं? आय-सेल या आजारात शिक्का मारणारं एन्झाइमच निकामी असतं. बाकी एन्झाइम तयार होतात, पण पत्ता नसल्यामुळे पेशीबाहेर, रक्तात जातात, आणि लायसोसोम न पचलेल्या मालाने तुंबतात. झेलवेगर आजारात बिघाड एन्झाइमांना पेरॉक्सिझोमच्या आत नेणाऱ्या यंत्रणेत असतो. पटलाच्या रिकाम्या टरफलांपलीकडे फारसं काही उरत नाही. आणि प्राथमिक हायपरऑक्झालुरियाच्या, म्हणजे शरीरात ऑक्झालेट जास्त बनण्याच्या आजाराच्या, काही रुग्णांत यकृतातलं एक एन्झाइम कामाला ठीक असूनही पेरॉक्सिझोमऐवजी तंतुकणिकेत जाऊन बसतं. परिणाम दिसतो मूत्रपिंडात, खड्यांच्या रूपाने.

उपचारांतही हाच फरक आडवा येतो. शिक्का ओळखणारे ग्राही पेशीच्या बाहेरच्या पटलावरही असतात. म्हणून लायसोसोमचं एक एन्झाइम कमी पडणाऱ्या पॉम्पे आजारात शिक्का असलेलं एन्झाइम शिरेतून दिलं तर ते गिळलं जाऊन लायसोसोमपर्यंत पोचतं. २००६पासून हे औषध वापरात आहे. पेरॉक्सिझोमला असा बाहेरचा रस्ता नाही. सुईने दिलेलं एन्झाइम पेशीने गिळलं तरी जाणार लायसोसोममध्येच, आणि तिथे पचून जाणार. त्यामुळे हायपरऑक्झालुरियाच्या गंभीर रुग्णांना वर्षानुवर्षं यकृतच बदलावं लागत आलं.