दिव्यांच्या लाइनला एक एमएम की दीड एमएम?

दुकानात वायरची दोन्ही बंडलं शेजारी ठेवली तर नुसत्या नजरेनं फरक कळत नाही. वरच्या पीव्हीसीची जाडी दोन्हींत सारखीच, ०.७ मिमी, आणि बाहेरून मोजलं तर फरक पाव मिलिमीटरच्या आसपास. कारण हे एमएम म्हणजे तारेची जाडी नव्हे, आतल्या तांब्याच्या छेदाचं क्षेत्रफळ, चौरस मिलिमीटरमध्ये. म्हणजे दीडमध्ये तांबं सरळ दीडपट: ९० मीटरच्या बंडलात एकमध्ये साधारण ८०० ग्रॅम, दीडमध्ये १२०० ग्रॅम. भावातला फरक मुख्यतः या तांब्याचा.

आता भार बघा. ९ वॅटचे दहा एलईडी आणि ७५ वॅटचे तीन पंखे मिळून ३१५ वॅट, म्हणजे जेमतेम १.४ अँपिअर. एवढ्याला एक एमएम पुरून उरते. व्होल्टेजही फारसं पडत नाही: २० मीटर लांब, ८०० वॅट भरलेल्या लाइनवर एकमध्ये अडीच व्होल्ट, दीडमध्ये पावणेदोन. तेव्हा "लाइटला एक एमएम चालती" असं वायरमन म्हणतो ते दिव्यांपुरतं खरंच आहे. गोम आहे ती उन्हाळ्यात आणि बोर्डावरच्या सॉकेटात.

भिंतीवरच्या किंवा भिंतीतल्या पाइपातून एकच सर्किट जात असेल, तर ३० अंश तापमानाला एक एमएम सुमारे १३.५ अँपिअर झेलते आणि दीड एमएम १७.५. मराठवाड्यात एप्रिल-मे महिन्यांत ४५ अंश धरावेच लागतात. त्या तापमानाला हे आकडे ०.७९ ने गुणायचे: एक उतरते १०.७ वर, दीड १३.८ वर. जाड माळवदाखाली घर गार राहतं, तिथं वायरही निवांत असते. पण पत्र्याच्या खोलीत आढ्याला लागून पाइप नेला असेल तर दुपारी तिथली हवा ५५ अंश धरूनच हिशोब करावा. मग गुणक ०.६१, एक एमएमचे उरतात ८.२ अँपिअर आणि दीडचे १०.७.

याच लाइनवरच्या बोर्डाला ६ अँपिअरचं सॉकेट असतं. तिथं १००० वॅटची इस्त्री, दुसऱ्या बोर्डावर ७५० वॅटचा मिक्सर आणि खिडकीत २०० वॅटचा कूलर एकदम चालले की झाले ८.५ अँपिअर. मेन बोर्डात एमसीबी, म्हणजे करंट मापाबाहेर गेला की आपोआप पडणारी कळ, १० अँपिअरची. ती पडणार नाही, कारण तिच्या लेखी सगळं ठीक आहे. इकडे पत्र्याखालची एक एमएम मात्र मर्यादेच्या वर तापतेय. एवढ्यानं लगेच आग लागत नाही. पण दर उन्हाळ्यात पीव्हीसी थोडी कडक होते, मग तडकते, आणि एखाद्या पावसाळ्यात ओल शिरली की शॉर्ट होतो. त्याच जागी दीड एमएम असती तर १०.७ मध्ये हे बसलं असतं.

एकाच पाइपातून दोन सर्किटं नेली तर आणखी ०.८ ने गुणा. ४५ अंशांना एक एमएमचे ८.५ राहतात, दीडचे ११. म्हणून एक एमएम आधीच भिंतीत असेल आणि बदलायची नसेल, तर तिच्या पुढे ६ अँपिअरचीच एमसीबी लावा. दीडला ६ किंवा १०. उन्हाळ्यात एमसीबी लवकर पडते, कारण तिचं माप साधारणपणे ३० अंशांचं असतं. मग वैतागून कुणीतरी १६ ची बसवतो. हे दीड एमएमलाही चालत नाही; ४५ अंशांना तिची धाव १३.८ पर्यंतच. त्याऐवजी लाइन दोन भागांत तोडावी. एका सर्किटवर दहा पॉइंट किंवा ८०० वॅट, जे आधी भरेल ते, हा जुना ठोकताळा अजूनही कामाचा आहे.

नव्या घराला तर प्रश्नच नाही: वायरिंगच्या भारतीय मानकाप्रमाणे (आयएस ७३२) दिव्यांच्या लाइनलाही तांब्याची किमान १.५ चौरस मिमी वायर लागते. १६ अँपिअरचे प्लग, गिझर, एसी यांच्या लाइनी वेगळ्या आणि जाड. त्या दिव्यांच्या लाइनवर जोडायच्याच नाहीत. आणि एफआर लिहिलेली वायर जास्त करंट नेते, हा गैरसमज आहे. तिची पीव्हीसी आग पसरू देत नाही, एवढाच त्याचा अर्थ, तांबं तेवढंच.

घेताना टोक सोलून बारीक तारा मोजा. बऱ्याच कंपन्यांच्या एक एमएममध्ये ०.३ मिमीच्या १४ तारा असतात, दीडमध्ये २२. काही कंपन्या जास्त बारीक तारा वापरतात, तेव्हा वेष्टनावरची माहिती वाचून मग मोजा. एक तार ब्लेडनं खरवडा. आत पांढरी निघाली तर ते तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम आहे. वायरवर आयएस ६९४ (हे वायरीचं मानक) आणि आयएसआयचा लायसन्स नंबर छापलेला असतो, तो नंबर भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर ॲपवर टाकून बघता येतो.

बसवताना दोन ठिकाणी लक्ष ठेवा. फेज दीडची ओढून न्यूट्रल एकची टाकण्याची काटकसर काही जण करतात. पण जेवढा करंट फेजमधून जातो तेवढाच न्यूट्रलमधून परत येतो, त्यामुळे दोन्ही सारख्याच हव्यात. दुसरं, बटणाच्या टर्मिनलमध्ये दोन-तीन वायरी मावेनात म्हणून काही तारा कापून टाकतात. २२ पैकी ८ कापल्या की त्या जागी दीडची एक एमएम झाली, आणि बोर्ड तिथूनच काळा पडायला लागतो.