नायिका (बडोद्याच्या मराठी वाचनपरंपरेत)

नायिका : कथा, कादंबरी वा नाटक यांत जिच्याभोवती कथानक फिरते ते स्त्रीपात्र. या नोंदीचा विषय आहे बडोदे शहरातल्या मराठी वाचकांनी आणि प्रेक्षकांनी पिढ्यान्‌पिढ्या आपल्या मानलेल्या नायिका, आणि त्या मनात का घर करून राहतात हे. नायिका बहुतेक साऱ्या मराठीच्या समाईक. पुण्याला वाचल्या जातात त्याच इथेही वाचल्या गेल्या. फरक पडतो तो भोवतालचा. स्त्रीशिक्षण, विधवाविवाह, घटस्फोट यांबाबत बडोद्याचा कायदा इतर मराठी मुलखाच्या कितीतरी पुढे होता, आणि शेजारी गुजराती साहित्य आपल्या नायिकांसह नांदत होते.

संस्कृत नाट्यशास्त्राने नायिकेचे आठ प्रकार सांगितले. साजशृंगार करून वाट पाहणारी वासकसज्जा, परस्त्रीच्या खुणा घेऊन आलेल्या नायकावर रागावलेली खंडिता, नवरा परगावी गेलेली प्रोषितभर्तृका, अंधारात संकेतस्थळी निघालेली अभिसारिका, वगैरे. आठही नावांत मोजमाप एकच : नायक किती जवळ आणि किती दूर. नायक बाजूला केला की सबंध वर्गीकरण कोसळते. आधुनिक मराठी कथात्म साहित्याने हा पाया सोडला. मराठीतली पहिली मानली जाणारी कादंबरी म्हणजे बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’ (१८५७). तिच्यातली यमुना नवऱ्याबरोबर प्रवासाला निघते आणि वाटेत विधवांची दुःखे पाहत जाते. कादंबरी प्रचारकी आहे, यमुना पात्र म्हणून फिकी आहे. पण पाहणारी बाई मराठीत आली ती इथे.

वाचकाला नायिका का आवडते, याची उत्तरे नेहमी विशेषणांत दिली जातात : सोशिक, तेजस्वी, बंडखोर, स्वाभिमानी. विशेषणे काळाबरोबर बदलतात. आजीला जी सोशिक म्हणून पूज्य, ती नातीला सोशिक म्हणूनच नकोशी होते, तरीही दोघी तिच्याबद्दल बोलत राहतात. म्हणजे ओढ गुणात नसावी. मनात ठाण मांडून बसलेल्या मराठी नायिकांमध्ये एक गोष्ट वारंवार सापडते : तिला जे ठाऊक आहे ते कथेतल्या इतर पात्रांपर्यंत पोचत नाही, किंवा पोचूनही कुणी मनावर घेत नाही, पोचते ते फक्त वाचकापर्यंत. वाचक तिचा एकुलता एक साक्षीदार होतो, आणि साक्षीदाराला पाय काढता येत नाही.

वाचक कसा घडला

तिसरे सयाजीराव गायकवाड (कारकीर्द १८७५–१९३९) यांनी १८९३ मध्ये अमरेली भागात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ मध्ये तो सगळ्या संस्थानात लागू केला. सक्ती मुलींनाही होती. १९१० मध्ये अमेरिकन ग्रंथपाल विल्यम बोर्डन बडोद्यास आले. त्यांच्या हाताखाली मांडवीजवळचे मध्यवर्ती ग्रंथालय आणि खेडोपाडी पेट्यांतून पुस्तके पाठवणारी फिरती ग्रंथालये उभी राहिली. मध्यवर्ती ग्रंथालयातली लोखंडी फडताळे आणि मजल्यांच्या काचेच्या फरशा पाहायला आजही लोक जातात. दांडिया बाजार आणि रावपुऱ्यातल्या वाड्यांमधून पुस्तक बदलून आणायचे काम बहुधा घरातल्या शाळकरी पोराकडे असे. पुस्तक घरी आले की ते किती हातांतून फिरले याची नोंद कुठल्याच रजिस्टरात होत नसे.

महाराणी चिमणाबाई (दुसऱ्या) यांनी भारतीय स्त्रियांच्या स्थितीवर सहलेखकासह इंग्रजीत एक ग्रंथ लिहिला (१९११). १९२७ च्या अखिल भारतीय महिला परिषदेच्या त्या पहिल्या अध्यक्षा. त्यांची कन्या इंदिराराजे यांनी ग्वाल्हेरच्या शिंद्यांशी ठरलेली सोयरीक स्वतः पत्र लिहून मोडली आणि १९१३ मध्ये आईवडिलांची मर्जी नसताना कूचबिहारच्या राजपुत्राशी लग्न केले. कादंबरीकाराने हे प्रकरण रचले असते तर तेव्हाच्या टीकाकारांनी ते अतिरंजित ठरवले असते.

सिंधू

बडोद्याचा सर्वांत घट्ट संबंध आहे तो राम गणेश गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’मधल्या सिंधूशी. गडकरी जन्मले गणदेवीला (१८८५), म्हणजे त्या काळच्या बडोदे संस्थानात. २३ जानेवारी १९१९ रोजी ते वारले आणि २० फेब्रुवारीला गंधर्व नाटक मंडळीने या नाटकाचा पहिला प्रयोग बडोद्यातच केला. नाटककाराला तो पाहता आला नाही. मंडळीला बडोद्याचा राजाश्रय होता. सिंधूच्या भूमिकेत होते बालगंधर्व. ते नेसतील तसे लुगडे नेसायची आणि माळतील तसा गजरा माळायची हौस ज्या बायकांना होती, त्यांना या नाटकात त्यांची दळण दळणारी, दारिद्र्याने पिचलेली सिंधू पाहावी लागली.

सिंधूचा नवरा सुधाकर वकील आहे. सनद काही काळापुरती रद्द होते, अपमान जिव्हारी लागतो, आणि तळीराम त्याच्या हातात पहिला प्याला देतो. पुढची घसरण ठाऊकच आहे. माहेर श्रीमंत असून सिंधू माहेरी जात नाही. ‘कशि या त्यजू पदाला’ हे पद तिच्या नकाराचे आहे. शेवटी दारूच्या नशेतल्या सुधाकरच्या हातून तान्हे मूल दगावते, सिंधूही वाचत नाही, आणि मरताना ती नवऱ्यावर आळ येऊ नये म्हणून फौजदारासमोर खोटी जबानी देते.

ही जबानी नीट पाहण्यासारखी आहे. पोलीस आलेले आहेत, विचारणारा विचारतो आहे, खरे बोलायची संधी समोर आहे. फौजदार लिहून घेतो ते खोटे. खरे काय ते प्रेक्षागृहातल्या प्रत्येकाला माहीत. नाटकाने सबंध प्रेक्षागृहाला या लपवाछपवीत सामील करून घेतले आहे. प्रेक्षक रडतो त्यात करुणा आहेच, शिवाय आपण गप्प बसलो याची बोचही आहे. सिंधूला पतिव्रतेचा आदर्श म्हणून गौरवणारे आणि त्याच कारणासाठी तिला मोडीत काढणारे, दोघेही हा भाग सोडून देतात. तिच्या पातिव्रत्याची पूजा करावी असे आज कुणाला वाटत नाही, वाटूही नये. पण खोट्या जबानीच्या त्या प्रवेशाची पकड कमी झालेली नाही.

गडकऱ्यांनी तिच्या शेजारी गीता ठेवली, हेही विसरू नये. गीता तळीरामाची बायको. तोंडाने फटकळ, नवऱ्याचे वाभाडे काढणारी. सिंधू जे मनात ठेवते ते गीता उघड बोलते, आणि ती बोलते तेव्हा प्रेक्षक हसतो. विनोदी पात्राच्या तोंडी घातलेले सत्य कुणी मनावर घेत नाही. सुधाकरची बालविधवा बहीण शरद ही तिसरी. विधवाविवाहाला मोकळीक देणारा कायदा बडोदे संस्थानाने विसाव्या शतकाच्या आरंभीच केला होता. तरी रंगमंचावरच्या शरदच्या लग्नाचा प्रश्न बडोद्याच्या प्रेक्षकालाही जडच गेला असणार. कायदा दरबारात होतो, सोयरिकी ओसरीवर ठरतात.

यमू आणि कुमुद

हरि नारायण आपट्यांची ‘पण लक्षांत कोण घेतो’ ही कादंबरी १८९० पासून ‘करमणूक’ साप्ताहिकातून क्रमशः आली. तिची नायिका यमू स्वतःच आपली हकिगत लिहिते. लहानपणीचे भातुकलीचे भांडण, मैत्रीण दुर्गीच्या संसाराची फरफट, सासरची धुसफूस, नवऱ्याबरोबर मुंबईला मिळालेले थोडे मोकळे दिवस, मग त्याचा मृत्यू आणि शंकरमामंजींच्या कारभारात झालेले सक्तीचे केशवपन. आपट्यांची कमाल भाषेत आहे. यमू व्याख्यान देत नाही. सोवळ्यातल्या बायका जशा बोलत तशी बोलते, मधेच विषयांतर करते, लहान मुलीच्या हट्टाने एखादी क्षुल्लक गोष्ट धरून बसते. त्यामुळे केशवपनाचा प्रसंग येतो तेव्हा वाचकासमोर ‘विधवांचा प्रश्न’ उभा नसतो, ओळखीची मुलगी उभी असते.

त्याच सुमारास गुजरातीत गोवर्धनराम त्रिपाठींची ‘सरस्वतीचंद्र’ चार भागांत प्रसिद्ध होत होती (१८८७–१९०१). तिची नायिका कुमुद हिचा वाग्दत्त वर घर सोडून निघून जातो, तिचे लग्न एका नालायक माणसाशी होते, ती विधवा होते. मग सरस्वतीचंद्र पुन्हा समोर येतो, लग्नाला तयारही असतो. ती नकार देते आणि धाकटी बहीण कुसुम हिच्याशी त्याचे लग्न व्हावे असे पाहते. बडोद्यातल्या ज्या मराठी घरांत गुजराती सहज वाचले जाई, तिथे या दोघी शेजारीशेजारी येऊन बसल्या. यमूवर सारे लादले जाते. कुमुदपुढे दार उघडे आहे आणि ती त्यातून जात नाही. यमूबद्दल वाचकाला राग येतो तो समाजाचा; कुमुदच्या बाबतीत तो कुमुदशीच भांडत बसतो. पात्र म्हणून कुमुदचा नकार अधिक गुंतागुंतीचा आहे. पण जीव जडतो तो यमूवर, कारण यमू आपल्याशी बोलते आणि कुमुदबद्दल गोवर्धनराम बोलतात.

कन्हैयालाल मुनशी बडोदे कॉलेजचे विद्यार्थी. त्यांच्या ‘गुजरातनो नाथ’मधली मंजरी विद्येचा ताठा असलेली, नवऱ्याला बरोबरीने तोलणारी. तशी ताठ मानेची नायिका मराठी ऐतिहासिक कादंबरीत शोधावी लागते.

अचला आणि १९३१ चा कायदा

विभावरी शिरूरकर या टोपणनावाने मालतीबाई बेडेकरांनी लिहिलेला ‘कळ्यांचे निःश्वास’ (१९३३) हा कथासंग्रह आला तेव्हा लेखिका कोण यावरच अधिक चर्चा झाली. शिकलेल्या, नोकरी करणाऱ्या, घर चालवणाऱ्या आणि म्हणूनच लग्न न ठरणाऱ्या मुलींच्या मनातली तगमग मराठीत इतकी उघड आली नव्हती. पुढच्याच वर्षी आलेल्या ‘हिंदोळ्यावर’मधली अचला नवऱ्यापासून दुरावलेली आहे आणि दुसऱ्या पुरुषाबरोबर लग्नावाचून राहते. हल्लकल्लोळ झाला.

बडोद्याच्या वाचकाला अचलेकडे पाहताना एक गोष्ट सुचते जी पुण्याच्या वाचकाला सुचणे अवघड होते. ब्रिटिश मुलखातल्या हिंदू कायद्यात तेव्हा घटस्फोट नव्हता. मुंबई प्रांताने तो १९४७ मध्ये आणला, देशभर आला तो १९५५ मध्ये. बडोदे संस्थानात मात्र हिंदूंसाठी घटस्फोटाचा कायदा १९३१ मध्येच झाला होता. अचला बडोद्याची रहिवासी असती तर निदान कागदावर तिला वाट होती. मग कादंबरी कोसळली असती का? नाही. अचलेची खरी झटापट स्वतःच्या मनाशी आहे. कायद्याने सुटणारा प्रश्न सुटल्यावर जे उरते तेच विभावरीबाईंनी लिहिले.

इतर नायिका

वामन मल्हार जोशींची ‘इंदु काळे व सरला भोळे’ (१९३४) ही पत्रांतून उलगडणारी कादंबरी, त्यामुळे वाचक आपोआपच दुसऱ्याची टपाल फोडणारा होतो. विश्राम बेडेकरांच्या ‘रणांगण’मधली (१९३९) हॅर्टा ही जर्मनीतून परागंदा झालेली ज्यू तरुणी, बोटीवरच्या थोड्या दिवसांच्या ओळखीवर ती मराठी वाचकाच्या मनात कायमची राहिली.

बोलायला मिळाले की नायिका लाडकी होतेच असे मात्र नाही. वि. स. खांडेकरांच्या ‘ययाति’त (१९५९) देवयानी आणि शर्मिष्ठा दोघीही आपापली बाजू स्वतः सांगतात, तरी वाचकाचा कौल शर्मिष्ठेकडे जातो. देवयानीच्या निवेदनात हक्क आहे, हिशेब आहे, शंका नाही. जिला स्वतःबद्दल शंकाच नाही तिला साक्षीदार लागत नाही. देवयानीवर यात थोडा अन्यायही होतो, कारण फसवली गेलेली तीही आहेच.

विजय तेंडुलकरांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ (१९६७) मधली लीला बेणारे या सगळ्याचे टोक गाठते. अभिरूप न्यायालयाच्या खेळात तिच्यावर भ्रूणहत्येचा आरोप ठेवला जातो आणि खेळ हळूहळू खरा होतो. शेवटी तिचे लांबलचक स्वगत येते तेव्हा रंगमंचावरची बाकीची माणसे थिजलेली असतात. ती आयुष्य उलगडून सांगते. कोर्टातल्या कुणालाच ते ऐकू गेलेले नसते. निकाल आधी ठरल्यासारखा लागतो. सुलभा देशपांडे यांनी ही भूमिका गाजवली. सिंधू खोटे बोलते आणि ते नोंदले जाते. बेणारे खरे बोलते आणि ते नोंदलेच जात नाही. दोघींमध्ये अठ्ठेचाळीस वर्षांचे अंतर आहे.

गौरी देशपांडे यांच्या नायिकांनी पुढे स्वतःचीच थट्टा करायला सुरुवात केली, आणि मराठी नायिकेचा रडवेपणा बराच ओसरला.

सद्यस्थिती

१९६० नंतर बडोद्याचे मराठी भाषक गुजरात राज्यातले भाषिक अल्पसंख्य झाले. आजची बरीच मुले इंग्रजी वा गुजराती माध्यमात शिकतात. घरी मराठी बोलतात, पण जाडजूड मराठी कादंबरी हातात घेत नाहीत. परिणामी कादंबरीतल्या नायिका मागे पडल्या आणि नाटकातल्या टिकल्या. नाटकाला कान पुरतात. २०१८ मध्ये ९१ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन बडोद्यात भरले. अशा निमित्ताने जुनी पुस्तके पुन्हा हाताळली जातात, एरवी एकपात्री आणि स्वगतांच्या स्पर्धाच या नायिकांना जिवंत ठेवतात. तिथे बेणारेच्या स्वगताच्या जोडीला हमखास येते ती पु. ल. देशपांड्यांच्या ‘ती फुलराणी’मधली मंजुळा. शुद्ध मराठी शिकवायला निघालेल्या प्रोफेसरावर ती जो सूड घ्यायचा बेत करते, तो हातगाडीला ‘लारी’ म्हणणाऱ्या आणि त्यावरून पुण्याच्या आतेबहिणींची बोलणी खाल्लेल्या बडोदेकर मुलीच्या तोंडी भलताच खुलतो.