जुन्या संगणक प्रणालींची जोपासना, मुंबईतील

डॉस (विंडोजपूर्वीची, आज्ञा टंकून चालवायची प्रणाली), विंडोज ९५, ९८, २०००, एक्सपी अशा ज्या ऑपरेटिंग सिस्टिमकडे त्यांच्या कंपनीने पाठ फिरवली आहे, त्या चालत्या ठेवणे, त्यांचे बिघाड शोधणे आणि दुसऱ्याच्या यंत्रावरचा बिघाड शोधायला हात देणे, असा हा निम्मा हौसेचा आणि निम्मा गरजेचा उद्योग. मुंबईत तो ग्रँट रोड स्थानकाजवळच्या लॅमिंग्टन रोडभोवती, उपनगरांतल्या दुरुस्तीच्या गाळ्यांत आणि घराघरांतल्या पोटमाळ्यांवर चालतो. मायक्रोसॉफ्टने विंडोज ९८ चा आधार ११ जुलै २००६ रोजी, एक्सपीचा ८ एप्रिल २०१४ रोजी आणि विंडोज ७ चा १४ जानेवारी २०२० रोजी थांबवला. आधार थांबल्याने यंत्र बंद पडत नाही. नव्या सुधारणा येणे थांबते आणि अडल्यावर विचारायला कंपनी उरत नाही. मग ओळखीपाळखीतला जाणकार शोधावा लागतो. तो निवृत्त सर्व्हिस इंजिनिअर असतो, छापखान्यात संगणकावर पाने जुळवणारा डीटीपी ऑपरेटर असतो, नाहीतर जुन्या खेळांच्या नादाने डॉसपर्यंत पोहोचलेला कॉलेजातला मुलगा असतो.

बाजार : लॅमिंग्टन रोडचे अधिकृत नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. १९०३ ते १९०७ या काळात मुंबईचे गव्हर्नर असलेल्या लॉर्ड लॅमिंग्टन यांचे नाव मात्र बोलण्यातून गेलेले नाही. रेडिओ आणि इलेक्ट्रॉनिक्सच्या सुट्या भागांच्या या पेठेत नव्वदच्या दशकात असेंबल्ड, म्हणजे सुटे भाग जुळवून केलेल्या, पीसीचा धंदा फोफावला. विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी देशात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केले आणि त्यानंतर नऊच दिवसांनी, २४ ऑगस्टला, विंडोज ९५ बाजारात आली. मुंबईतल्या मध्यमवर्गीय घरात संगणक शिरला तो साधारण या दोन घटनांच्या मागोमाग. आज त्या रस्त्यावर लॅपटॉप, सीसीटीव्ही आणि मोबाइलच्या सामानाची गर्दी आहे. जुन्या आयएसए प्रकारच्या खाचेत बसणारे साउंड कार्ड किंवा डिस्क जोडायची आयडीई केबल हवी असेल तर दर्शनी दुकानापेक्षा मागच्या गल्लीतला सुट्या भागांचा गाळा बरा. तिथेही नाही मिळाले तर चोर बाजार, नाहीतर कुर्ला-साकीनाक्याकडचे भंगारवाले. भंगारात मदरबोर्ड वजनावर जातो, त्यामुळे ४८६ या जुन्या प्रोसेसरचा चालू बोर्ड आणि जळका बोर्ड यांना तिथे एकच भाव असतो. हौशी माणसाचा सगळा फायदा या अज्ञानात आहे.

मराठी मजकुराचा प्रश्न : परदेशांत हा छंद बहुतांशी खेळ आणि स्मरणरंजन यांभोवती फिरतो. मुंबईत त्याला फार व्यावहारिक कारण आहे, ते म्हणजे युनिकोडपूर्व मराठी, अर्थात सर्व लिप्यांच्या अक्षरांना एकच सर्वमान्य क्रमांक देणारी युनिकोड पद्धत रूढ होण्याआधी टंकलेली. विंडोज ९५ आणि ९८ ला देवनागरी येत नव्हती. त्याआधी डॉसच्या काळात सी-डॅक या सरकारी संस्थेचे भारतीय लिप्यांसाठीचे जिस्ट कार्ड आयएसए स्लॉटमध्ये बसवून पडद्यावर मराठी आणावी लागे. पुढे श्री-लिपी, आकृती, आयएसएम अशा सॉफ्टवेअरनी वेगळी युक्ती केली : इंग्रजी अक्षरांच्या जागांवर देवनागरीचे तुकडे बसवलेले फॉन्ट दिले. दिवाळी अंक, लग्नपत्रिका, संस्थांचे अहवाल, साप्ताहिके, सगळे याच फॉन्टांत आणि बहुधा पेजमेकर या पानजुळणीच्या सॉफ्टवेअरमध्ये तयार झाले. पेजमेकरची शेवटची आवृत्ती, ७.०, २००१ मध्ये निघाली. तो फॉन्ट काढून घेतला तर वीस वर्षांपूर्वीचा अग्रलेख म्हणजे रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा कचरा.

हा मजकूर युनिकोडमध्ये आणणारे परिवर्तक मिळतात, पण त्यांचे काम दिसते तितके सोपे नाही. जुन्या फॉन्टांत अक्षरे दिसण्याच्या क्रमाने साठवलेली असतात. ऱ्हस्व वेलांटी डावीकडे दिसते म्हणून ती व्यंजनाच्या आधी टंकलेली, रफार वर-उजवीकडे दिसतो म्हणून तो शेवटी. युनिकोडला उच्चाराचा क्रम हवा असतो. जोडाक्षरांचे अर्धे तुकडे, रफारासकट अनुस्वार, ‘ऱ्या’तला आडवा र या ठिकाणी परिवर्तक हमखास चुकतात आणि पुन्हा मुद्रितशोधन करावे लागते. शंभर पानांच्या स्मरणिकेसाठी तो खर्च कोणी करत नाही. एक्सपीचा जुना पीसी झाकून ठेवणे स्वस्त पडते.

त्यात हार्डवेअर लॉकची भर. अशी बरीच सॉफ्टवेअर प्रिंटरच्या पंचवीस पिनांच्या पोर्टला लावायच्या डोंगलशिवाय, म्हणजे परवान्याची खात्री करणाऱ्या किल्लीवजा तुकड्याशिवाय, सुरू होत नसत. नव्या मदरबोर्डावर ते पोर्ट नाही. बाजारात मिळणारी यूएसबी-पॅरलल केबल प्रिंटरपुरती असते, डोंगलची भाषा तिला कळत नाही. पीसीआय खाचेत वेगळे बसवलेल्या कार्डावरचे पोर्ट कधी चालते, कधी नाही, कारण सॉफ्टवेअर पोर्टला ठरावीक जुन्याच पत्त्यावर शोधत असते. म्हणून डीटीपीवाला आपल्या डोंगलला जिवापाड जपतो. तो हरवला तर मूळ सीडी, परवाना, पावती सगळे असूनही हात बांधलेले.

एक्सपीत चित्र बदलले, तेही अर्धेच. देवनागरीची सोय असली तरी प्रादेशिक पर्यायांत जाऊन ‘कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट’ची खूण करावी लागे, आणि त्या क्षणी प्रणाली मूळ सीडी मागे. जुन्या एक्सपीवर मराठी तुटक दिसते, वेलांट्या भलतीकडे जातात, ही तक्रार घेऊन येणाऱ्याला आजही पहिला प्रश्न हाच विचारावा लागतो. ही खूण केली की जो ‘मंगल’ फॉन्ट नीट दिसू लागतो, तो मुंबईचे अक्षररचनाकार र. कृ. जोशी यांच्या हातचा.

बिघाड का होतात : जुनी प्रणाली सहसा आपणहून बिघडत नाही. ती लिहिणाऱ्यांनी काही मर्यादा गृहीत धरल्या होत्या आणि भोवतालचे यंत्र त्या ओलांडून पुढे गेले. मदत करणाऱ्याला हे एकदा उमगले की निम्मे निदान झाले.

वेगाचे उदाहरण सर्वांत बोलके आहे. विंडोज ९५ सुरू होताना एक ठरावीक आवर्तन चालवून किती वेळ गेला ते मोजते आणि त्या वेळाने भागते. ३५० मेगाहर्ट्झ किंवा त्याहून वेगवान एएमडी के६-२ प्रोसेसरवर हे आवर्तन इतक्या लवकर संपू लागले की वेळ शून्य भरला. शून्याने भागाकार, आणि पडद्यावर ‘विंडोज प्रोटेक्शन एरर’. टर्बो पास्कल या प्रोग्रॅमिंगच्या साधनात केलेल्या डॉसच्या प्रोग्रॅमांचा ‘रनटाइम एरर २००’ हा त्याचाच भाऊ. मेमरीचेही तसेच. विंडोज ९८ मध्ये ५१२ एमबीच्या वर रॅम घातली की ‘मेमरी अपुरी’ असा उलटा निरोप येऊ शकतो, कारण डिस्कचा कॅश (तिच्यावरची माहिती रॅममध्ये तात्पुरती ठेवण्याची सोय) स्वतःसाठी पत्त्यांची एवढी जागा अडवतो की इतरांना ती उरत नाही. सिस्टिम डॉट आयएनआय फाइलीत व्हीकॅश या सदराखाली मॅक्सफाइलकॅशची मर्यादा लिहिली की भागते. रॅम जास्त असल्याने यंत्र अडते, हे गिऱ्हाइकाला पटवणे मात्र अवघड.

डिस्कच्या बाबतीत गणित जास्त धोक्याचे. विंडोज ९८ च्या मूळ एफडिस्कला, म्हणजे डिस्कचे विभाग (पार्टिशन) पाडणाऱ्या प्रोग्रॅमला, ६४ जीबीच्या वरचे मोजता येत नाही. ८० जीबीची डिस्क तो दहा-अकरा जीबीची सांगतो. हा केवळ दाखवण्याचा दोष. १३७ जीबीची सीमा ही खरी दरी आहे : त्यापलीकडे लिहायला गेले की पत्ता गुंडाळला जाऊन माहिती डिस्कच्या सुरुवातीवर पडते आणि पार्टिशन कोसळते. एक्सपीची पहिली आवृत्तीही, सर्व्हिस पॅक १ येण्यापूर्वी, या सीमेतच होती. एक्सपी नव्या बोर्डावर टाकताना येणारा ७बी क्रमांकाच्या बिघाडाचा निळा पडदा बहुतेक वेळा डिस्क खराब असल्याचा नसतो. एक्सपीला साटा या नव्या डिस्क-जोडणीचा एएचसीआय प्रकार ठाऊक नसतो. बायोसमध्ये, म्हणजे बोर्डाच्या मूळ मांडणीत, तो आयडीई केला की काम होते.

मुंबईतल्या अभियांत्रिकीच्या कित्येक पिढ्यांनी निळ्या पडद्याच्या टर्बो सी या साधनावर सी ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकली. विंडोज व्हिस्टापासून ते पूर्ण पडद्यावर उघडेना आणि ६४-बिट विंडोजवर तर सुरूच होईना, कारण तिथे १६-बिट प्रोग्रॅमांची सोयच काढून टाकली आहे. त्यावर डॉसबॉक्स हा नव्या विंडोजवर डॉसची नक्कल करणारा प्रोग्रॅम उपाय म्हणून रूढ झाला. डॉसशी अनेक तरुणांची ओळख झाली ती अशी, पाठ्यक्रमाच्या जुनाटपणामुळे.

(विंडोज ९५ आणि ९८ सलग ४९.७ दिवस चालू ठेवल्यास अडकून पडते, हा दोष प्रसिद्ध आहे. मिलिसेकंद मोजणाऱ्या ३२-बिट आकड्याची जागा तेवढ्यात संपते. इतके दिवस ती प्रणाली न कोसळता चालेल, अशी कोणाची अपेक्षाच नसल्याने तो उशिरा सापडला.)

निदानाची पद्धत : गल्लीतल्या मेकॅनिकचा रामबाण उपाय म्हणजे फॉरमॅट मारणे. जुन्या प्रणालींच्या बाबतीत याहून घातक सल्ला नाही. नव्या यंत्रात पुसलेले परत भरता येते. इथे ड्रायव्हरची (कार्ड किंवा प्रिंटर चालवणाऱ्या प्रोग्रॅमची) फ्लॉपी, सीडीमागचा क्रमांक, सॉफ्टवेअरची नोंदणी यांतले काहीही दुसऱ्यांदा मिळण्याची खात्री नसते. म्हणून जाणते लोक आधी डिस्क काढून दुसऱ्या यंत्राला लावतात, डीडीरेस्क्यूसारख्या साधनाने तिची सबंध प्रतिमा घेतात आणि मगच हात लावतात. सांभाळायची असते ती एकटी विंडोज नाही. तिच्याबरोबरचे बोर्ड, ड्रायव्हर, फॉन्ट आणि डोंगल मिळून एक संच असतो, आणि त्यातला एक घटक बदलला की बाकीचे रुसतात.

विचारणाऱ्याकडून नेमके काय काढून घ्यायचे, यात खरे कसब. ‘काका, पीसी उडाला’ एवढ्यावर काही ठरत नाही. पडद्यावर शेवटची ओळ कोणती आली, बीप किती आणि कसे वाजले (अवॉर्डच्या बायोसमध्ये एक लांब आणि दोन आखूड म्हणजे डिस्प्ले कार्ड), मधल्या काळात घरात काय बदलले, सेफ मोडमध्ये (मोजक्याच ड्रायव्हरांवर) उघडतो का, हे क्रमाने विचारावे लागते. डिव्हाइस मॅनेजर या विंडोजमधल्या जोडसामानाच्या यादीत पिवळे उद्गारचिन्ह असेल तर यंत्राचा ब्रँड विचारण्यात अर्थ नाही. कार्डाचा चार अंकी व्हेन्डर क्रमांक आणि डिव्हाइस क्रमांक वाचून घ्यावा, त्यावरून ड्रायव्हर सापडतो. इंटेलने आपला क्रमांक हौसेने आपल्या जुन्या प्रोसेसरच्या नावाचाच, ८०८६, घेतला आहे. विंडोज ९८ पेनड्राइव्ह ओळखत नसेल तर एनयूएसबी हा अनधिकृत, सर्वसमावेशक ड्रायव्हर उपयोगी पडतो, मात्र तो ९८ च्या सेकंड एडिशन या दुसऱ्या आवृत्तीवर. आणि ९८ ची सीडी हाती असेपर्यंत तिच्यातला विन९८ फोल्डर डिस्कवर उतरवून ठेवावा, कारण प्रिंटर जोडला तरी ही प्रणाली सीडी मागते.

हवा आणि वीज : समुद्राची खारी, दमट हवा आणि चार महिन्यांचा पाऊस हे मुंबईतले मोठे शत्रू. रॅमच्या सोनेरी टोकांवर साका चढतो आणि यंत्र नुसते बीप देत बसते. ती टोके शाळेच्या खोडरबराने हलके पुसणे हा इथला पहिला इलाज, आणि तो लागूही पडतो. फ्लॉपीवर बुरशी येते. अशी फ्लॉपी तपासायला म्हणून ड्राइव्हमध्ये घातली तर बुरशी हेडला लागते आणि पुढची चांगली फ्लॉपीही ओरखडली जाते. त्यामुळे बरेचजण फ्लॉपी ड्राइव्हच्या जागी पेनड्राइव्हवर चालणारा गोटेक आणि जुन्या डिस्कच्या जागी कॉम्पॅक्ट फ्लॅश कार्ड बसवतात. ३८६-४८६ च्या बोर्डांवरची निकेल-कॅडमियम बॅटरी गळून तांब्याच्या रेषा खाते. ती कापून काढावी, डाग व्हिनेगरने मारावा, मग आयसोप्रोपाइल अल्कोहोलने धुवावे. २००० च्या आसपासच्या बोर्डांवर फुगलेले कपॅसिटर पाहावेत. परदेशातून आलेल्या यंत्राच्या एसएमपीएस या वीजपुरवठ्याच्या डब्यामागची लाल कळ ११५ वर असेल, तर २३० व्होल्टच्या सॉकेटला लावताच मोठा आवाज होऊन विषय संपतो.

आभासी यंत्रे आणि जाळे : व्हर्च्युअलबॉक्स या, एका यंत्रात दुसरे आभासी यंत्र चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये एक्सपी बरी चालते. विंडोज ९८ साठी ८६बॉक्स हे जुन्या बोर्डांचे हुबेहूब अनुकरण करणारे साधन अधिक भरवशाचे, पण त्याला यजमान प्रोसेसर तगडा लागतो. पॅरलल डोंगल आभासी यंत्रात नेणे जिकिरीचे असल्याने छापखाने खऱ्या यंत्रावरच राहतात. ते यंत्र इंटरनेटला जोडू नये, यावर मात्र दुमत नसावे. १२ मे २०१७ रोजी वॉनाक्राय या खंडणी मागणाऱ्या घातक प्रोग्रॅमचा उद्रेक झाला तेव्हा मायक्रोसॉफ्टला तीन वर्षांपूर्वी सोडून दिलेल्या एक्सपीसाठीही दुरुस्ती काढावी लागली. २०१९ मध्ये ब्लूकीप या सुरक्षेतल्या त्रुटीच्या वेळी तेच झाले. तसेही एक्सपीच्या इंटरनेट एक्सप्लोरर ८ ला टीएलएस या सुरक्षित जोडणीच्या पद्धतीचे १.० पुढचे येत नसल्याने बहुतेक संकेतस्थळे उघडत नाहीत. फाइल न्यायला पेनड्राइव्ह पुरतो, आणि तो आधी दुसऱ्या यंत्रावर तपासून घ्यावा.

हक्क : नव्वदच्या दशकात मुंबईतल्या असेंबल्ड पीसीवर विंडोज आली ती पुष्कळदा चोरीच्या सीडीवरूनच, आणि आज जपल्या जाणाऱ्या अनेक यंत्रांचा इतिहास तोच आहे. कंपनीने आधार सोडला म्हणजे प्रत फुकट झाली, ही समजूत कायद्यात बसत नाही. स्वामित्वहक्क तसाच राहतो. भारतीय कॉपीराइट अधिनियम, १९५७ चे कलम ५२ कायदेशीरपणे मिळवलेल्या प्रोग्रॅमची, नष्ट होण्यापासून बचाव म्हणून, प्रत करू देते. ती दुसऱ्याला वाटण्याची मुभा त्यात नाही. ज्यांना हा गुंता नको त्यांच्यासाठी फ्रीडॉस आहे. १९९४ मध्ये सुरू झालेली ही मुक्त प्रणाली डॉसचे बहुतेक प्रोग्रॅम चालवते. एमएस-डॉस १.२५ आणि २.० चा मूळ कोड मायक्रोसॉफ्टने २०१४ मध्ये अभ्यासासाठी दाखवला, २०१८ मध्ये एमआयटी या मोकळ्या वापराच्या परवान्याखाली खुला केला, आणि एप्रिल २०२४ मध्ये ४.०० ची भर घातली. विंडोज ९८ किंवा एक्सपीबाबत असे काही झालेले नाही.