बत्तिसाव्या घाताने केलेला घात

४,२९,४९,६७,२९७. चार अब्ज एकोणतीस कोटी एकोणपन्नास लाख सदुसष्ट हजार दोनशे सत्त्याण्णव. शेवटी ७, म्हणजे २ आणि ५ बाद. अंकांची बेरीज ५९, म्हणजे ३ बाद. ७, ११, १३ यांनीही भाग जात नाही. ही मूळ संख्याच असणार, असं फ्रेंच गणितज्ञ पिएर द फर्माला १६४० च्या सुमारास वाटलं, आणि पुढे जवळजवळ शंभर वर्षं ते कोणी खोडून काढलं नाही.

तसं वाटायला कारणही होतं. २ चा वर्ग करा, आलेल्याचा पुन्हा वर्ग, असं करत जा: २, ४, १६, २५६, ६५,५३६. प्रत्येकीत १ मिळवला की ३, ५, १७, २५७, ६५,५३७. पाचही मूळ! पुढची पायरी म्हणजे २ चा ३२वा घात अधिक १, तीच आपली संख्या. साखळी अशीच चालणार यावर फर्माची भिस्त होती. सिद्धता मात्र जमलेली नाही, हे तो स्वतःच कबूल करत होता.

१७२९ मध्ये गोल्डबाख या गणितज्ञाने पत्रातून हा विषय ऑयलर या तरुण गणितज्ञापुढे काढला. १७३२ मध्ये, पंचविशीतल्या ऑयलरने निकाल लावला: ६४१ × ६७,००,४१७.

सरळ पडताळायचं तर वर्गमूळापर्यंतच्या, म्हणजे ६५,५३६ च्या आतल्या, सगळ्या ६,५४२ मूळ संख्यांनी भागून पाहावं लागतं. पण या संख्येचा मूळ विभाजक ६४ च्या कुठल्या तरी पटीत १ मिळवूनच येतो, हे ऑयलरने दाखवलं. त्या चाळणीतून सुरुवातीला उरतात १९३, २५७, ४४९, ५७७ आणि ६४१. पाचव्या फटक्यात काम फत्ते.

खरं तर भागाकारही नको. ६४० म्हणजे ५ गुणिले २ चा ७वा घात. त्याला ६४१ ने भागलं तर बाकी उणे १ धरता येते. चौथा घात घेतला की ६२५ गुणिले २ चा २८वा घात, आणि बाकी १. आता ६२५ + १६ = ६४१, म्हणून बाकीच्या हिशेबात ६२५ च्या जागी उणे १६ चालतं. १६ म्हणजे २ चा ४था घात. २८ आणि ४ मिळून ३२. म्हणजे उणे (२ चा ३२वा घात) याची बाकी १, म्हणून २ च्या ३२व्या घाताची बाकी उणे १. त्यात १ मिळवलेल्या आपल्या संख्येची बाकी शून्य.

मला नवल वाटतं ते वेगळ्याच गोष्टीचं. चाळणी नसती तरी ६४१ ही अवघी ११६वी मूळ संख्या. रोज दोन भागाकार केले असते, तर फर्माला दोन महिन्यांत ती सापडली असती.

शेजारीही नामांकित आहेत. एकने लहान संख्या म्हणजे इंटरनेटच्या जुन्या, ३२ बिटांच्या पत्त्यांची एकूण संख्या. दोनने लहान संख्या म्हणजे ३ × ५ × १७ × २५७ × ६५,५३७, साखळीतल्या पाचही मूळ संख्यांचा गुणाकार. गणितज्ञ गाऊसच्या शोधामुळे कळलं, की एवढ्या बाजूंचा सुसम बहुभुज नुसत्या पट्टी-कंपासने काढता येतो. विषम बाजूंचा याहून मोठा असा बहुभुज आजही माहीत नाही, कारण साखळीत सहावी मूळ संख्या कोणाला मिळालेली नाही.

साखळीतली एकविसावी संख्या ३,१५,६५३ अंकी आहे. ती मूळ नाही, हे सिद्ध झालंय. तिचं ६४१ मात्र अजून सापडायचंय.